घर-शिवार : जुना ट्रॅक्टर आणि त्याचा धनी

राणोजी शिंद्यांनी उज्जैनीस ठाणे केले, तेव्हापासून माळव्याच्या काळ्या मातीशी मराठी घराण्यांचे नाते जडले. पुढे १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी ते तुटले नाही. १९५१ मध्ये मध्यभारतात जहागिरी व जमीनदारी कायद्याने संपुष्टात आल्या. तथापि खुदकाश्तीची थोडीबहुत जमीन पुष्कळांकडे राहिली. बिऱ्हाड माधव नगरात, फ्रीगंजच्या टॉवरच्या आसपास, आणि शेत मात्र बडनगर, तराना वा महिदपूरकडे, अशी घरे आमच्या वाचकवर्गात आजही थोडी नाहीत. या घरांत हल्ली वारंवार निघणारा एक विषय म्हणजे जुना, दुसऱ्याने वापरलेला ट्रॅक्टर घ्यावा की न घ्यावा.

ट्रॅक्टरावाचून चालत नाही, याचे कारण पिकांच्या फेरपालटीत आहे. पूर्वी माळव्यात पुष्कळ जमीन पावसाळ्यात पड ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि दोन पिकांच्या मध्ये मशागतीस जेमतेम काही आठवडे उरले. त्यातही काळ्या जमिनीचा वापसा चार दिवसांचा पाहुणा! तो साधायचा, तर भाड्याच्या ट्रॅक्टराची वाट पाहत बसणे परवडत नाही. आणि बेताच्या जमिनीला नव्याची किंमत झेपत नाही. म्हणून जुना.

घेताना रंगावर भुलू नये. पाहावयास जाण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नका, असे विक्रेत्यास बजावावे आणि गेल्यावर प्रथम इंजिनास हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर थंड इंजिन सुरू होण्याचा त्रास आपल्यापासून लपवला जात असण्याचा संभव आहे. नंतर धूर पाहावा. काळा धूर बहुधा हवेची कोंडी वा जास्तीचा भार दाखवतो. तापल्यावरही निळसर धूर टिकला, तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे मोठा खर्च पुढे उभा आहे. ऑइलची पट्टी दुधाळ दिसली, तर आत पाणी शिरले आहे. अवजार उचलून धरावे. ते आपोआप खाली बसू लागले, तर लिफ्ट दुबळी आहे. सुटे भाग मिळतात का, हेही बाजारात आधीच विचारावे. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून निघालेले एच.एम.टी.चे ट्रॅक्टर आजही शेतांत दिसतात. परंतु त्या कंपनीचा ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्येच झाला आहे.

यंत्राइतकीच कागदांची तपासणी महत्त्वाची. बँकेचे कर्ज फिटल्याचा दाखला आणि नोंदणी-पुस्तकावरील बोजा उतरल्याची नोंद पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकाच राज्यातील व्यवहार असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. गावात मात्र शंभराच्या मुद्रांकावर सही घेऊन ट्रॅक्टर दारी आणतात व वर्षानुवर्षे नाव बदलत नाहीत. एक मोटार लागोपाठ अनेकांच्या हाती विकली गेली, नोंद मात्र पहिल्याच धन्याच्या नावे राहिली आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निर्णय दिला की, कायद्याच्या दृष्टीने नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. भरपाईही त्यानेच द्यावयाची. जुना ट्रॅक्टर विकणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

यंत्र घरी आल्यानंतर त्याचे आयुष्य लहानसहान नित्यकर्मांवर अवलंबून असते. सकाळी सुरू करण्यापूर्वी ऑइल व रेडिएटरचे पाणी पाहणे. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनरची वाटी रोज उघडून गाळ काढणे. मळणीच्या काळात रेडिएटरच्या जाळीतला भुसा झटकणे. संध्याकाळीच टाकी भरून ठेवणे, म्हणजे रात्री रिकाम्या टाकीत दव धरून डिझेलात पाणी उतरत नाही. इंजिन ऑइल बदलावयाचे ते तास मोजून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. तास दाखविणारा काटा बंद असेल, तर वहीत तास लिहावेत.

ही कामे माधव नगरात बसून होत नाहीत. ती शेतावरचा चालक करतो. म्हणून त्याच्या हाती वही, ग्रीसची पिचकारी आणि किरकोळ दुरुस्तीपुरते पैसे असले पाहिजेत. प्रत्येक नटबोल्टासाठी शहरातल्या धन्याची परवानगी लागू लागली, की चालक सांगणे सोडतो आणि यंत्र मुकाट्याने झिजते. नर्मदाकाठी बुधनी येथे केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था १९५५ पासून आहे. तिथल्या वर्गास चालकास एकदा पाठवावे. तेवढ्या दिवसांची मजुरी वाया जात नाही.

त्याच्या जिवाचाही विचार धन्यानेच करावयाचा आहे. चाक चिखलात रुतले असता साखळी मागच्या आसाच्या वर बांधून जोर दिला, तर पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालकास उडी टाकण्यापुरताही अवधी मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी. रस्त्यावर निघण्यापूर्वी ब्रेकचे दोन्ही पायटे एकत्र अडकवावेत. एरवी एकाच चाकाला ब्रेक लागून गाडी फिरते. ट्रॅक्टरवर आसन एकच असते. चाकावरच्या पत्र्यावर बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनी सहसा पत्करत नाही. लग्नकार्यास वा शिवरात्रीस महाकालाच्या दर्शनासाठी माणसे ट्रॉलीत भरून आणण्याची चाल आहे. आपल्या ट्रॅक्टरपुरती तरी ती बंद करावी.

पूर्वी घरचा माणूस बैलाच्या खांद्यावर हात फिरवून मगच जोताला हात घाली. महिन्यातून एक रविवार शेतावर जाऊन वही वाचावी, चालकाशेजारी उभे राहून इंजिन ऐकावे आणि काय दुखते, हे त्यालाच विचारावे.