सण सगळ्यांचा, मग राबणं एकीचंच का?

श्रावण सरत आला की घराघरांत हिशेब सुरू होतो. गणपती, गौरी, नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न. या तीन महिन्यांत कुणाची झोप उडते, कुणाचा पगार पंधरा तारखेच्या आत संपतो, कुणाच्या घरातलं माणूस याच वर्षी गेलेलं असतं. त्यांच्यापैकी कुणी 'या वेळी मला झेपत नाहीये' म्हणालं, की उत्तरं तयार असतात. 'आमच्या सासूबाईंनी पंचवीस माणसांचं केलं, त्यांना नाही कधी टेन्शन आलं.' 'सणासुदीला असं तोंड पाडून बसू नये.' 'दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा.' आणि शेवटचं, 'झेपत नसेल तर करूच नका.' ही चारही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती देणाऱ्याला फार स्वस्तात मोकळं करतात.

आधी सासूबाईंचं घेऊ. त्यांनी पंचवीस माणसांचं केलं हे खरं, पण एकटीने केलं का? घरात जावा होत्या, नणंदा होत्या, आत्या-मावशा चार दिवस आधी येऊन राहायच्या. आज एकीच्या घरी चकल्या, उद्या दुसरीच्या घरी करंज्या, असं आळी मिळून चालायचं. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीच यादी एका बाईच्या गळ्यात असते, आणि तिला सकाळी नऊला कामावरही पोचायचं असतं. यादी जुनी राहिली, हात गेले. शिवाय, त्यांना त्रास झाला नाही हे ठरवलं कुणी? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. कष्ट, सासुरवास आणि माहेरच्या ओढीने त्या भरलेल्या आहेत. बाया बोलत होत्या. पहाटे जात्यापाशी बोलत होत्या, आणि ऐकणारे झोपलेले होते.

गौरीजेवणाचा दिवस जवळून पाहा. पहाटे चारला हरभऱ्याची डाळ चढते. पुरण शिजतं, ते गरम असतानाच पुरणयंत्रातून फिरवावं लागतं, म्हणजे मनगट भरून येतं. निथळलेल्या कटाची आमटी, सोळा भाज्या, पंचामृत, वरण-भात, तळण. मध्येच फुलं कमी पडतात, सवाष्णीची ओटी भरायची राहिलेली असते, कुकरची शिट्टी मोजायची असते. बाराला नैवेद्य, मग पहिली पंगत, दुसरी पंगत. रांधणारी बसते तेव्हा साडेतीन वाजलेले असतात, पोळी गार झालेली असते, आणि दिवाणखान्यातून आवाज येतो, 'चहाचं बघतेस का?' या बाईला रात्री झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, तर बिघाड तिच्या मनात शोधायचा की त्या दिवाणखान्यात?

सरकारच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणातही हेच दिसतं. देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आणि घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात २७ टक्क्यांच्या आसपास. हे सगळ्या वर्षाचं चित्र आहे. सणाच्या आठवड्यात ते कुठल्या बाजूला झुकतं, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे.

'तोंड पाडू नये' म्हणणाऱ्यांनी आपली रीत तरी आठवावी. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी त्या वर्षी सण गोडाधोडाने करत नाहीत. नातेवाईक आणि शेजारी तिथे फराळ घेऊन जातात, घटकाभर बसतात. दुःखाला दिवाळीत जागा असते, हे आपल्या आजीपणजीला कळत होतं. हसऱ्या फोटोंची सक्ती नंतर आली.

श्वासाच्या व्यायामाशी माझं वैर नाही. घाबरं झालेलं शरीर त्याने जरूर शांत होतं. पण मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनची काढणी आणि दिवाळी हातात हात घालून येतात. परतीच्या पावसात शेंग भिजली की दाण्यात १२ टक्क्यांवर ओलावा म्हणून खरेदी केंद्र माल घेत नाही, आणि व्यापारी पाडून मागतो. मुलांना कपडे, लेकीला दिवाळसण, दुकानाची उधारी, सगळं त्या पोत्यांवर टेकलेलं असतं. या शेतकऱ्याला काय सांगायचं, सकारात्मक राहा? बोनस न मिळणाऱ्या कंत्राटी कामगाराला, दिवाळीच्या रात्रीही पार्सल पोचवणाऱ्या पोराला? त्यांची काळजी भ्रम नाही, ती बरोबर केलेली बेरीज आहे.

राहिलं 'करूच नका'. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण माणसाला ओळखत नाही. कोकणातला चाकरमानी रेल्वेत पाय ठेवायला जागा नसतानाही गावी जातो, ते कुणाच्या धाकाने नव्हे. आरतीला सगळं घर एकत्र उभं राहतं, दुरावलेले भाऊ एका ताटाशी बसतात. माणसाला याची भूक आहे. बाईला सण नको नसतो, एकटीने ओढायचा सण नको असतो.

आणि मोजकं करण्याची मुभा परंपरेनेच दिली आहे. दीड दिवसाचा गणपती दहा दिवसांच्या गणपतीहून उणा नाही. मुखवट्यांच्या, दागिन्यांनी मढवलेल्या गौरी असतात, तशा नदीवरून आणलेल्या खड्यांच्याही असतात, आणि दोघींना नमस्कार सारखाच. षोडशोपचार पूजा आहे, तशी पंचोपचारही आहे. सोळा भाज्यांच्या पाच झाल्या म्हणून देवी रुसल्याचं कुणी ऐकलेलं नाही. रुसतात ती माणसं, आणि त्यांची समजूत काढता येते.

म्हणून माझं म्हणणं असं. सणाच्या पंधरा दिवस आधी सगळ्या घराने एकत्र बसावं. काय करायचं, काय गाळायचं, काय बचत गटाकडून विकत आणायचं, हे कागदावर लिहावं आणि प्रत्येक कामापुढे एक नाव घालावं. पुरुषांनी 'मदत' करू नये, अख्खं काम अंगावर घ्यावं. पूजेचं सामान म्हणजे यादीपासून निर्माल्यापर्यंत. पंगत म्हणजे वाढण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. रांधणारी पहिल्या पंगतीला बसेल, हा घराचा नियम करावा. खर्चाचा आकडा मुलांसमोर मोकळेपणाने सांगावा. भाऊबीजेच्या ओवाळणीची मर्यादा बहीणभावांनी आधीच ठरवावी, म्हणजे कुणाला कर्ज काढून पाकीट भरावं लागणार नाही.

एवढं करूनही दोन आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सण संपायची वाट पाहू नये. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक २०२२पासून चालू आहे. फोन फुकट आहे, रात्रंदिवस लागतो आणि मराठीत बोलता येतं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाताना आपण लाजत नाही, मग इथे का लाजावं?

सणाचा आनंद घरातल्या एका माणसाच्या झोपेतून वसूल होत असेल, तर तो बाकीच्यांनी फुकट घेतलेला आनंद आहे. येत्या सणाआधी कागद घ्या, आणि पहिल्या कामापुढे स्वतःचं नाव लिहा.