चिमूटभर तंबाखूचा शेजारधर्म

गिरणगावातील ज्या गाळ्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार पाळीपाळीने पथारी पसरीत, तेथे नवख्याची ओळख बहुधा तळहातावर चुन्यासह मळलेल्या तंबाखूनेच होई. आणि उत्तर प्रदेश-बिहारकडील मंडळी आपली खैनी घेऊन आली, तेव्हा भाषा निराळी असूनही हा उपचार उभयतांस विनासायास उमगला. पुढे केलेली चिमूट नाकारणे म्हणजे मैत्रीचाच अव्हेर! शिवाय कापसाच्या खात्यात विडी पेटविण्यास मज्जाव असल्याने दाढेखालची तंबाखू सोयीची ठरे. स्त्रियांची तऱ्हा वेगळी: जी घरंदाज म्हातारी सिगारेट ओढणाऱ्या मुलीला नावे ठेवील, तीच तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली मिश्री, दंतमंजनाच्या मिषाने, बिनदिक्कत हिरड्यांना चोळील आणि सुनेच्या हातीही देईल. सरकारने 2012 साली राज्यात गुटखाबंदीचे फर्मान काढले, ते उचितच. परंतु घरी भाजलेल्या मिश्रीस आणि सोबत्याच्या आग्रहास कोणता अंमलदार जप्त करणार? म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारास एकट्या कामगाराला न बोलावता त्याच्या खोलीतील सोबत्यांनाही, आणि शक्यतो त्यांच्याच बोलीत, पाचारण करावे, असे आमचे मत आहे.