पोरं राबतील म्हणून दार लावू नका

आमच्या मुकुटबनच्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी परवा चारचौघांत निकाल दिला. प्रतिपालक म्हणून परक्याचं पोर घरात घेऊ नये. सरकारकडून मिळणाऱ्या महिन्याच्या चार हजारांसाठी लोक पोरं नेतील आणि कापूस वेचायला जुंपतील. रक्ताचं ते रक्ताचंच. लळा लागला आणि पोर परत गेलं तर रडत बसा. त्यापेक्षा बालगृह बरं.

कापसाची ही काळजी आजवर कुठे होती? वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली की आमच्या शिवारात ओटी बांधून उभी असलेली पोरं काय परक्या घरची असतात? बाप गेलेला, आई मजुरीला लांब, पोर काकाकडे. वाळल्या बोंडाच्या टोकांनी नखाजवळची कातडी सोलवटते, संध्याकाळी गाठोडं काट्यावर चढतं आणि शाळेच्या हजेरीत त्या नावापुढे गैरहजेरी लागते. त्या काकाला गावात कोणी जाब विचारला? प्रतिपालक कुटुंबाला मात्र विचारावाच लागतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 वाचा. आधी घराची चौकशी, मग बाल कल्याण समितीचा आदेश; शिक्षण, दवापाणी, खाणंपिणं त्या कुटुंबाच्या शिरावर; आणि समितीची दर महिन्याला तपासणी. तपासणी कागदावरच उरकतील, ही शंका रास्त आहे. मग यवतमाळचा माणूस झरी-जामणीच्या आदिवासी पोडापर्यंत आलाच पाहिजे, म्हणून भांडा ना! तेवढं या गृहस्थांच्या तोंडून कधी निघालं नाही. पोडावर शाळा मागितली तेव्हाही अशाच लोकांनी वाद घातला होता. मास्तर येत नाही, म्हणून शाळाच कशाला? मास्तर आणा म्हणायला तेव्हाही कोणी तयार नव्हतं.

रक्ताचं म्हणाल, तर जोतीराव-सावित्रीबाईंनी 1874 मध्ये दत्तक घेतलेला यशवंत डॉक्टर झाला आणि प्लेगच्या साथीत रोग्यांसाठी उभा राहिला.

लळा लागणारच, रडूही येणार. पोराच्या आसऱ्यापेक्षा आपलं रडणं मोठं वाटत असेल, तर तसं सरळ बोला.

बालगृह हवंच, रात्रीतून उघड्यावर आलेल्या पोराला तेच दार उघडं असतं. पण आई अंथरुणाला खिळली किंवा बाप तुरुंगात गेला, तर ते पोर दत्तक देता येत नाही आणि त्यानं सगळी वर्षं बालगृहात काढणंही बरं नाही. ताप चढला तर कपाळावर हात ठेवणारं ठरलेलं माणूस त्याला हवं, सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरात हवीत. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या बाईलाही हे दार उघडलं आहे. नवरा गेल्यावर शेत आणि लेकरं दोन्ही सांभाळणाऱ्या बाया या जिल्ह्यात गावोगाव आहेत; त्यांना जमेल का, हे विचारूच नका.

अर्ज ऑनलाइन नोंदवायचा असतो आणि यवतमाळचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष तो पाहतो. ज्यांना तो भरता येत नाही, त्यांनी माझ्याकडे यावं. मी भरून देईन.