पांगायचे, पण कुठून?

नोव्हेंबर २०१६. नोटा रद्द झाल्या त्या आठवड्यात मी बँकेच्या शाखेत होतो. बाहेरची रांग वाढत गेली, तसे घाबरून आम्ही शटर अर्धे खाली ओढले. तोवर शांत उभी असलेली माणसे त्या क्षणी गर्दी झाली. एक आजी दाराशी चेंगरू लागल्या. आमच्या शिपायाने मागचे दार उघडून अर्धी रांग तिकडे वळवली, तेव्हा कुठे रेटा ओसरला.

त्या दिवशी मला नागपूर आठवले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा अनुसूचित जमातीच्या सवलती मागत हिवाळी अधिवेशनावर आला होता. लाठीमार झाला, पळापळ झाली आणि ११४ माणसे गेली. त्यांत बायका-मुलेच अधिक. बहुतेकांचा जीव गेला तो लाठीने नव्हे, चेंगरून.

जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा, न पांगल्यास बळ वापरावे, असे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९ सांगत होते. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ही तेच सांगते. पण पांगायला वाट लागते, हे कलमात लिहिलेले नाही. ते बंदोबस्त आखणाऱ्यानेच पाहायचे असते. लाठी उगारण्याआधी मागचा रस्ता मोकळा आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ. आमच्या शिपायाला ते कुणी शिकवले नव्हते.