पैसे कटले, पण पोहोचले का? लॉग काय सांगतो

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत वैनगंगेच्या काठावर हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क शोधत असतात. समजा, अशा गर्दीत तुम्ही प्रसादाच्या दुकानात ५० रुपयांसाठी क्यूआर स्कॅन केला. तुमच्या खात्यातून पैसे कटले, पण दुकानदाराचा स्पीकर गप्प. मग आपण स्क्रीनशॉट पुढे करतो. माझ्या मते तो पुरावा नाहीच. (बनावट स्क्रीनशॉट काढून देणारी अ‍ॅप्सही आहेत, हे दुकानदारांनाही ठाऊक आहे.) खरी नोंद असते डेटाबेसच्या लॉगमध्ये.

मूळ फाइलमधली शिल्लक बदलण्याआधी काय बदलायचं आहे, ते डेटाबेस लॉगमध्ये क्रमाने लिहून ठेवतो. व्यवहार पक्का झाला की ‘कमिट’ची नोंद पडते. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना तो हाच लॉग वाचतो. कमिट सापडलं तर व्यवहार पूर्ण करायचा, नाही तर मागे फिरवायचा. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसेल. ती वाचायला पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी वॉलडंप’ आणि मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगसाठी ‘मायएसक्यूएल बिनलॉग’ अशी साधनं मिळतात.

पण यूपीआयमध्ये बहुतेकदा दोन बँका असतात, म्हणजे दोन डेटाबेस आणि दोन लॉग. तुमच्या बँकेत कमिट झालं, म्हणजे समोरच्या बँकेत झालंच असं नाही. म्हणून एकच लॉग बघून चालत नाही, दोन्हींकडच्या नोंदी जुळवाव्या लागतात.

हे न जुळणं किती महाग पडतं, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने भोगलं. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी बनावट स्विच उभा केला आणि एटीएममधून पैसे काढायला तोच परस्पर मंजुरी देत गेला. बँकेच्या मूळ यंत्रणेला कुणी विचारलंच नाही. १३ ऑगस्टला स्विफ्टमधूनही पैसे गेले, एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. जी विनंती डेटाबेसपर्यंत आलीच नाही, ती त्याच्या लॉगमध्ये कशी सापडणार?

तुमच्या ५० रुपयांचं काय? अ‍ॅपमध्ये दिसणारा १२ अंकी यूटीआर नंबर जपून ठेवा, नोंदी त्यावरूनच शोधल्या जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला पोहोच मिळाली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले असतील, तर १ दिवसात. त्यापुढे उशीर झाला, तर रोज १०० रुपये भरपाई मिळते, तीही तक्रार न करता.