पॉइंट कुठे टाकू?

ऑनलाइन फँटसी खेळात नव्याने उतरणाऱ्याचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. क्लास कोणता घेऊ? पॉइंट कुठे टाकू? चुकले तर बदलता येते का? ठाणे-डोंबिवलीत कॉलेजच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा सोसायटीतल्या एखाद्या दादाला गाठून हे विचारले जाते आणि उत्तरही बहुतेक वेळा एकच मिळते: ‘हा बिल्ड बघ आणि जसाच्या तसा टाक.’ बिल्ड म्हणजे कोणता क्लास, म्हणजे पात्राचा कोणता प्रकार, घ्यायचा आणि पॉइंट कुठे टाकायचे याची तयार यादी. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही या उत्तराने नवख्याचे नुकसान होते, असे आमचे मत आहे. कॅरेक्टर घडवणे हा या खेळाचा निम्मा भाग आहे. तो दुसऱ्याने खेळून दिला, तर नवख्याच्या हाती नुसती बटणे उरतात.

या प्रश्नांचे मूळ 1974 सालात आहे. त्या वर्षी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ प्रसिद्ध झाला. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची हातोटी असे सहा गुण त्यात प्रत्येक पात्राला मिळत आणि तीन फाशांची बेरीज तो गुण ठरवत असे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ उभा केला आणि अनेकांनी एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरणे संगणकावर शक्य झाले. पुढे 1997 चा ‘अल्टिमा ऑनलाइन’, 1999 चा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि 2004 चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. आज लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर जी आकड्यांची चौकट उघडली जाते, ती याच घराण्यातली.

ते आकडे एकदा जवळून पाहण्यासारखे आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत फासे टाकायचे नसतील, तर खेळाडूला 27 पॉइंट वाटता येतात. प्रत्येक गुण 8 पासून सुरू होतो. 13 पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट लागतो. 13 वरून 14 ला जायला दोन आणि 15 ला जायला आणखी दोन. म्हणजे एक गुण 15 वर नेण्याचा खर्च 9. तीन गुण 15 वर नेले की 27 संपले, आणि उरलेले तिन्ही 8 वरच. त्याच 27 पॉइंटांत 15, 14, 13, 12, 10 आणि 8 अशी वाटणीही चपखल बसते. दुसरी गंमत अशी, की प्रत्यक्ष फायदा दर दोन अंकांनी वाढतो. 12 ला जेवढा फायदा तेवढाच 13 ला. तो वाढतो 14 ला. पुढे कुठून तरी एक अंक मिळणार असेल तरच 13 वर थांबण्यात अर्थ आहे, नाही तर तो पॉइंट पडून राहतो. 2023 मध्ये आलेला आणि चौघांना ऑनलाइन एकत्र खेळता येणारा ‘बाल्डर्स गेट 3’ याच हिशेबावर चालतो. वहीच्या मागच्या पानावर दहा मिनिटे हा हिशेब मांडला, की ‘सगळेच चांगले हवे’ हा हट्ट आपोआप सुटतो. तयार बिल्ड उतरवून घेणाऱ्याला या दहा मिनिटांचा आनंद कधीच मिळत नाही.

मग अनुभवी खेळाडू बिल्ड उतरवायला का सांगतात? त्यांना तशी सवय लागण्याला कारण आहे. आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी हे खेळ सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून शिकले. त्या काळात भारतातही स्वतंत्र सर्व्हरवर चाललेला कोरियन ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ आठवून पाहा. त्यात पात्र तयार करतानाच एक षटकोन समोर येई. त्यात ताकद वाढवली की बुद्धी कमी होई, चपळाई वाढवली की नशीब घटे. पुढे पॉइंटांचा भावही चढत जाई: सुरुवातीला एक अंक वाढवायला 2 पॉइंट, नव्वदीत गेल्यावर त्याच एका अंकाला 11. आणि टाकलेला पॉइंट सुरुवातीच्या काळात परत काढता येत नसे. 2000 साली आलेल्या ‘डायब्लो 2’ मध्ये तर पॉइंट नव्याने वाटण्याची सोय थेट 2010 च्या पॅचने आली. अशा खेळांत चूक म्हणजे महिन्यांची मेहनत वाया. आधी शोधा, विचारा, मगच पॉइंटला हात लावा, ही शिस्त तिथून आली आणि तेव्हा ती योग्यच होती.

आता परिस्थिती बदलली आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीपासून खेळातलेच सोने मोजून कौशल्ये बदलता येत. पहिल्यांदा 1 सुवर्णनाणे, मग 5, असे करत 50 पर्यंत. बाल्डर्स गेट 3 मध्ये 100 नाणी दिली, की सगळे पॉइंट परत हातात येतात. चूक एवढी स्वस्त झाली असताना नवख्याला तिच्यापासून वाचवण्याची घाई कशासाठी? चपळाईऐवजी ताकदीला पॉइंट टाकून धनुर्धारी बनवलेल्या मुलाला पहिल्या चार लढायांतच कळते, की बाण लागत नाहीत. हे त्याला कुणी सांगितले तर तो विसरेल. स्वतःचे बाण चुकलेले तो विसरत नाही.

‘सगळ्यात भारी क्लास कोणता’ हा प्रश्नही थोडा सोडवून पाहायला हवा. हे खेळ बहुतांशी टोळीने खेळायचे आहेत. टँक पुढे उभा राहून मार खातो, हीलर मागून सगळ्यांना जगवतो आणि बाकीचे शत्रूला मारतात. ठाण्याच्या वाचकाला हे समजावून सांगायला दूर जायला नको. 10 ऑगस्ट 2012 रोजी याच शहरात जय जवान पथकाने नऊ थर लावले आणि 13.34 मीटरच्या त्या मनोऱ्याची गिनीज बुकात नोंद झाली. 2025 मध्ये कोकण नगर पथकाने इथेच दहा थर रचले. तळाच्या थरातल्या धिप्पाड गोविंदाचा हात हंडीला कधीच लागत नाही, आणि वर चढणाऱ्या हलक्या पोराला तळात उभे करता येत नाही. त्या मनोऱ्यात सगळ्यात भारी गोविंदा कोण, हे विचारून काय हाती लागणार? टोळीत काय कमी आहे आणि त्यातले आपल्याला काय करायला आवडेल, हे विचारले तर क्लास लवकर सापडतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची, आणि तिचा उल्लेख कोणत्याच बिल्डमध्ये नसतो. डोंबिवलीहून मुंबईत नोकरीला जाणाऱ्याचा एका बाजूचा प्रवासच तास-सव्वा तासाचा. जेवून लॅपटॉप उघडेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. त्यात आईने हाक मारायची, मध्येच नेट जायचे. अशा माणसाने हीलर घेतला, तर डंजनमध्ये, म्हणजे टोळीने उतरायच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या मोहिमेत, तो उठला की बाकीची टोळी मरते. मग शिव्या खाणे आले, आणि चांगला माणूस खेळच सोडून देतो. त्याने एकट्याने निभावेल असा क्लास घ्यावा. उदाहरणार्थ, वॉरक्राफ्टमधला हंटर, ज्याचा पाळीव प्राणी त्याच्या वतीने मार खातो. सुट्टीत तीन मित्र ठरवून एकत्र बसणार असतील, तर हीलरसारखा आनंद नाही. आपल्याला नेमके काय रुचते, हेही आधी चाचपावे. बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: काही मिळवणारे, जग धुंडाळणारे, माणसे जोडणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. धुंडाळणाऱ्याला मात करणाऱ्याचा बिल्ड दिला, तर तो जिंकेलही, पण आठवड्याभरात कंटाळेल.

पालकांच्या शंकांनाही इथे जागा हवी. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून जिंकण्या-हरण्याच्या खेळांवर. वर्गणी भरून किंवा एकदाच विकत घेऊन खेळायचे मनोरंजनाचे खेळ त्याने वेगळे ठेवले आहेत. तेव्हा सगळ्यांना एका मापाने मोजू नये. मात्र ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारख्या खेळात पात्र घडवण्याआधी ते सोडतीतून मिळवावे लागते, आणि पंचतारांकित पात्राची खात्री व्हायला 90 सोडती लागू शकतात. तिथे मुलाच्या हातात कार्ड किंवा यूपीआयचा पिन देऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पात्राला स्वतःचे खरे नाव, जन्मसाल किंवा कॉलेजचे नाव जोडू नये, हेही पहिल्याच दिवशी सांगायला हवे. अनेक मुली पुरुष पात्र घेऊन आणि माइक बंद ठेवून खेळतात. त्यांनी कोणते पात्र घ्यावे, याबद्दल कुणी शेरे मारू नयेत. उलट व्हॉइस चॅटवर त्यांना त्रास देणाऱ्याला टोळीतून काढणे, हे टोळीप्रमुखाचे काम आहे.

राहता राहिला दादा. त्याच्याकडे नवख्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे आणि ती वाया जाऊ नये. त्याने सुरुवातीला फक्त दोन गोष्टी सांगाव्यात: या खेळात पॉइंट परत काढता येतात की नाही, आणि निवडलेल्या क्लासचा मुख्य गुण कोणता. बाकी पहिल्या दहा लेव्हल नवख्याने आपल्या हाताने, आपल्या चुकांनी काढाव्यात. बिल्डचे पान उघडायची वेळ त्यानंतरची. तेव्हा ‘व्हायटॅलिटी 40 वर थांबवा’ अशी ओळ दिसली, की 40 वरच का, हे विचारायला तो दादाकडे जाईल. आणि त्या संध्याकाळी दादाने तासभर बसून ते समजावून सांगावे.