‘नम्मव’ कोण?

१६ डिसेंबर २०२५ ची रात्र. अबुधाबीत आयपीएलचा लिलाव चालला होता आणि इथे बालाघाटला मी टीव्हीचा आवाज बंद करून अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासत होते. तेवढ्यात धारवाडहून मामांचा फोन आला.

“बघितलंस काय? आमच्या बेंगळूरुनं पुन्हा तुमच्याकडची पोरं उचलली!”

माझं माहेर निपाणी, आई धारवाडची. घरात जेवणाच्या ताटावर मराठी आणि भांडणाला कन्नड, हे तुमच्यापैकी अनेकांच्या घरासारखंच. पण लग्न होऊन वैनगंगेच्या काठी आले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. इथे मराठीशेजारी कन्नडच्या जागी हिंदी, एवढाच फरक. मामांच्या हिशेबी मात्र मी आता ‘तुमच्याकडची’!

त्यांची तक्रार खोटी नव्हती. त्या दिवशी रॉयल चॅलेंजर्सनी इंदूरच्या वेंकटेश अय्यरला ७ कोटींना घेतलं. आदल्या वर्षी कोलकात्याने त्याच्यासाठी २३ कोटी ७५ लाख मोजले होते, तेव्हा हा सौदा स्वस्तातलाच. नंतर मंगेश यादव हा डावखुरा जलदगती गोलंदाज. पायाभूत किंमत ३० लाख, गेला ५ कोटी २० लाखांना. पोरगा आमच्या मध्य प्रदेशच्या पांढुर्णा भागातला. कप्तान रजत पाटीदार तोही इंदूरचाच. उलट महिनाभर आधी कर्नाटकचे मयंक अगरवाल आणि मनोज भांडगे यांना संघाने मोकळं केलं होतं. कर्नाटकाकडून खेळणारा देवदत्त पडिक्कल तेवढा उरला.

“पंचवीस जणांत नम्मव एक! मग नाव कशाला बेंगळूरुचं?” मामा म्हणाले.

मामांचं हे दुखणं जुनं आहे. २००८ मध्ये संघ निघाला तेव्हा कप्तान राहुल द्रविड होता. जन्म इंदूरचा, घरात मराठी, वाढला बेंगळूरुत. आपल्यासारख्या घरांना आणखी काय हवं? संघ आठांत सातवा आला, तरी मामांनी एक सामना सोडला नाही. पुढल्या वर्षी कुंबळेने अंतिम सामन्यात १६ धावांत ४ बळी घेतले आणि आपण ६ धावांनी हरलो. मग २०११ च्या लिलावाआधी संघाने राखला तो एकटा विराट कोहली. द्रविड राजस्थानला गेला. त्या दिवशी आमच्या आजोळी कोणी धड जेवलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाच्या लिलावात जखमेवरची खपली पुन्हा निघाली. के. एल. राहुल लिलावात होता. मंगळूरचा पोरगा आता घरी येणार, असं मामांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. त्याला १४ कोटींना दिल्लीने नेलं. सिराजला आपण आधीच सोडलं होतं, तो गुजरातकडे गेला. (सिराजसाठी मीसुद्धा हळहळले. सात वर्षं ज्याने आपल्यासाठी घाम गाळला, त्याला असं सोडायचं?) आपण घेतले कोण? हेझलवूड साडेबारा कोटींना, सॉल्ट साडेअकरा, अमरावतीचा जितेश शर्मा ११, भुवनेश्वर पावणेअकरा, कृणाल पांड्या पावणेसहा. मामा म्हणाले, ही काय टीम झाली?

इथे माझं आणि मामांचं बिनसतं. माझ्या मते इतक्या वर्षांत संघाने केलेली ती पहिली शहाणपणाची खरेदी. चिन्नास्वामीचं मैदान लहान, तिथे षटकार मारणारे घ्यावेत या हौसेपायी आपण वर्षानुवर्षं फलंदाजांवर पैसा ओतला. २०१६ मध्ये एकट्या कोहलीने ९७३ धावा काढल्या. अंतिम सामन्यात हैदराबादने आपल्याला २०८ धावा मारल्या आणि आपण ८ धावांनी कमी पडलो. घरात साडीचं कपाट भरलेलं आणि पावसाळ्यात छत्री नाही, तशी गत! जेद्दाला छत्री घेतली. हेझलवूडने त्या मोसमात २२ बळी काढले. लखनौच्या २२७ धावांचा पाठलाग करताना जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या. आणि ३ जून २०२५ ला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात कृणालने चार षटकांत अवघ्या १७ धावा देऊन दोघांना बाद केलं. पंजाबला ६ धावांनी हरवलं. २००९ मध्ये हरलो होतो तेही सहानेच.

पाटीदारचंही तसंच. २०२२ च्या लिलावात त्याला कोणी घेतलं नव्हतं. एक खेळाडू जखमी झाला म्हणून २० लाखांत बदली आला, आणि लखनौविरुद्ध बादफेरीत नाबाद ११२ करून बसला. राखताना त्याला ११ कोटी दिले, तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांत आमचे मामा पुढे होते.

मग मामा चुकलेच का? तसं म्हणवत नाही. चषक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, चिन्नास्वामीबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. मामांचा नातूही त्या गर्दीत होता. रात्री दहापर्यंत फोन लागेना. चपला हरवून, शर्ट फाटून पोरगा मुक्कामी पोहोचला. पोरं तिथे गेली ती संघ आपला म्हणून. कोण कुठल्या राज्याचा, याची यादी त्यांनी विचारली नव्हती. इतकी माया करणाऱ्या मुलखातली दोन-तीन पोरं संघाने शोधून, शिकवून, बाकावर का होईना बसवायला नकोत? पाटीदारला बदली म्हणून आणणारी नजर हुबळी-कलबुर्गीच्या मैदानांवरही फिरावी. भांडगेला सोडलं तेव्हा त्याच्या जागी कर्नाटकचाच दुसरा तरुण घ्यायला हवा होता, हे मी मामांजवळ कबूल केलं. महिलांच्या संघात हे जमलं होतं. २०२४ चा चषक आणला सांगलीच्या स्मृती मानधनाने, आणि अंतिम सामन्यात १२ धावांत ४ बळी घेतले ते बेंगळूरुच्या श्रेयांका पाटीलने. त्या रात्री आमच्या दोन्ही घरांत एकाच वेळी लाडू वाटले.

माझं कबूल करणं ऐकून मामा जरा निवळले.

“बरं, तो यादव. हे पांढुर्णा कुठं आलं?”

“नागपूरच्या वरच्या अंगाला. तिकडेही सीमाच आहे मामा, आपल्या निपाणीसारखी.”

“मग मराठी येत असंल की त्याला.”

“तिकडे बहुतेकांना येतं.”

“हां,” मामा म्हणाले, “मग कन्नड दोन वर्षांत शिकंल. तुझ्या बापाला तर पाच लागली!”